आधी सा सांग, मग कॉर्ड वाजव

दोन वर्षांपूर्वी कार्तिकात आजऱ्याजवळच्या एका वाडीत हरिनाम सप्ताह बसला होता. शेवटच्या रात्रीच्या भजनाला मी गिटार घेऊन गेलो. वाडीतल्या पोरांचाच आग्रह होता, "या वर्षी काहीतरी वेगळं करूया." मी तयारीही केली होती. आदल्या दिवशीच्या भजनाचा व्हिडिओ कुणीतरी ग्रुपवर टाकला होता. त्यातली शेवटची भैरवी मी कॉर्ड ओळखणाऱ्या एका ॲपला ऐकवली. ॲपनं सांगितलं: की सी मेजर, कॉर्ड्स सी, जी, ए मायनर, एफ. मला आनंद झाला. हे चार तर झोपेतही येतात.

भैरवी सुरू झाली. पेटीवर स्वतः बुवाच होते. पखवाज होता, टाळ होते, मागं पंधरा-वीस माणसं. मी वाजवायला लागलो. पहिल्या दोन ओळींत काही कळलं नाही. तिसऱ्या ओळीपासून बुवांचा आवाज डगमगायला लागला. पन्नास वर्षं तीच भैरवी म्हणणारा माणूस स्वतःच्याच गाण्यात वाट चुकल्यासारखा झाला. मागचे लोक हळूहळू गप्प झाले. बुवांनी हात वर करून पखवाज थांबवला.

"बाळ, तुझा सा कुठं हाय?"

मी म्हटलं, "सी, बुवा."

"सी म्हंजे?"

"पांढरी एक."

बुवा हसले. "माझा पांढरी तीनला हाय. तू येका घरात, मी दुसऱ्या घरात. मग जेवायला एकत्र कसं बसायचं रं?"

लोक हसले, मीही हसलो आणि गिटार बाजूला ठेवली. भैरवी पुन्हा सुरू झाली आणि दुसऱ्याच ओळीला सगळं जागेवर आलं. त्या रात्री मी घरी येऊन पेटीवरचे सूर तपासले. माझा एकही सूर चुकीचा नव्हता, आणि झोप उडवली ती या गोष्टीनं. पांढरी तीनला सा धरून भैरवी गायली तर कोमल रे, कोमल ग, म, प, कोमल ध, कोमल नि हे सगळे सूर पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात. सी मेजरचेही सूर तेच. ॲपनं सूर बरोबर मोजले होते. त्याला फक्त घर कुठं आहे ते कळलं नव्हतं. आणि मी ते कुणाला विचारलंही नव्हतं.

हा लेख त्या न विचारण्याबद्दल आहे.

बोटांचे आकार विकणारे

आज आजऱ्यात, गडहिंग्लजला, कोल्हापुरात, कुठंही गिटार शिकायला जा किंवा मोबाईलवर शिका, पहिल्या महिन्यात काय मिळतं? आकार. बोट इथं, बोट तिथं, याला सी म्हणायचं. मग जी, मग ए मायनर. मग एफ, ज्याला सगळे घाबरतात. मग चारही एकापाठोपाठ, खाली-खाली-वर-वर-खाली-वर. झालं. आता म्हणे तुम्हाला शंभर गाणी येतात.

हे खोटं नाही, म्हणूनच ते जास्त धोक्याचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या 'द ॲक्सिस ऑफ ऑसम' या विनोदी बँडनं हेच चार कॉर्ड्स न थांबवता वाजवत त्यावर एकामागून एक डझनावारी प्रसिद्ध गाणी गाऊन दाखवली होती. तो विनोद होता. आपल्याकडं त्याचा अभ्यासक्रम झाला.

मला या चार कॉर्ड्सचा राग नाही. राग आहे तो ते कशाचे बनलेत हे शिकणाऱ्यापासून लपवून ठेवण्याचा. कारण ते सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि ज्या पोरानं शाळेत 'सा रे ग म' म्हटलंय त्याला ते लगेच कळतं. सा धरा पांढरी एकला. सा, ग, प हे तीन सूर एकत्र वाजवले की तो झाला सी. प, नि, रे म्हणजे जी. ध, सा, ग म्हणजे ए मायनर. म, ध, सा म्हणजे एफ. एक सूर घ्यायचा, एक सोडायचा, पुढचा घ्यायचा, एक सोडायचा, पुढचा घ्यायचा. संपला नियम. म्हणजे ते जगप्रसिद्ध चार कॉर्ड्स आपल्या भाषेत साचा, पचा, धचा आणि मचा. 'सी-जी-ए मायनर-एफ' हे त्यांचं एका पट्टीतलं तात्पुरतं नाव. पट्टी बदलली की नावं बदलतात, नाती तीच राहतात.

नाती म्हणजे काय, तेही सोपं आहे. पेटीवर नि दाबून थांबा. फक्त नि. कान सा मागतो. कारण शुद्ध नि आणि वरचा सा यांच्यात अर्ध्या सुराचंच अंतर आहे, उंबऱ्यावर उभं राहिल्यासारखं. तसंच म आणि ग यांचं. आता जी सेव्हन नावाचा कॉर्ड बघा: प, नि, रे, म. यात नि पण आहे आणि म पण. दोन सूर एकाच वेळी घराकडं ओढतात, नि सा कडं आणि म ग कडं. म्हणून जी सेव्हननंतर सी वाजला की 'आलो' असं वाटतं. कॉर्ड प्रोग्रेशन म्हणजे हीच ये-जा. घरातून निघणं, लांब जाणं, उंबऱ्यावर अडवणं, आत घेणं. भजनात तुकडा घेऊन समेवर येताना जे होतं, तेच इथं सुरांत होतं.

हे ज्याला कळलं त्याला शंभर गाण्यांची वही लागत नाही. आणि नेमकी तीच अडचण आहे. आकार रोज नवा विकता येतो. नातं एकदाच सांगावं लागतं.

आणि दुसरीकडचे पहारेकरी

आता दुसरी बाजू. सप्ताहातला तो प्रकार मी एका जाणकार गृहस्थांना सांगितला. ते खुश झाले. म्हणाले, "हेच तर. आपलं संगीत रागाचं. एका वेळी एक सूर. कॉर्ड ही परकी गोष्ट, ती इथं आणायचीच कशाला?"

माझं भांडण त्यांच्याशीही तेवढंच आहे. कारण ते बोलत होते तेव्हा त्यांच्या घरात पेटी होती.

पेटी कुठली? हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली अलेक्झांडर दबें यांनी घेतलं. मांडी घालून, एका हातानं भाता मारत वाजवायची पेटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात घडली. तिच्यावरही 'परकी' हा शिक्का होताच. रवींद्रनाथ ठाकूर तिच्या विरोधात होते. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली. कारण हेच: तिचे सूर ठोकळेबाज, तिच्यात मींड नाही, ती आपली नाही. त्याच काळात आपल्या गावागावांत भजनी मंडळं त्याच पेटीवर अभंग म्हणत होती. आज पेटीशिवाय भजन कुणाला सुचत तरी आहे का?

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे नावाजलेले पेटीवादक. १९११ च्या 'संगीत मानापमान'च्या चाली त्यांच्या. १९३२ साली कोल्हापुरातच 'प्रभात'नं काढलेल्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटाचं संगीतही त्यांचंच. पुढं 'प्रभात' पुण्याला गेल्यावर केशवराव भोळे यांनी चित्रपटाच्या वाद्यमेळात पियानो, हवाईयन गिटार, व्हायोलिन आणलं. ही माणसं राग विसरलेली नव्हती. त्यांना राग इतका पक्का माहीत होता की नवं वाद्य आलं म्हणून त्यांची भंबेरी उडाली नाही.

आणि आजऱ्याच्या माणसानं तरी कॉर्डला परकं म्हणू नये. संकेश्वर-बांदा रस्ता आपल्या गावातून जातो. आंबोलीचा घाट उतरलं की सावंतवाडी, बांदा, आणि पुढं गोवा. तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना पिढ्यान् पिढ्या सूर वाचायला शिकवलं गेलं. तिथला मांडो दोन आवाजांत गातात, एक आवाज वर, दुसरा त्याच्याखाली ठरावीक अंतरावर. तिथूनच मुंबईच्या सिनेमाला वाजवणारे आणि स्वरमेळ लिहिणारे मिळाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडं प्यारेलाल व्हायोलिन शिकले. शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यमेळ लिहिणारे सेबास्टियन डिसोझा. संगीतकार चाल द्यायचा, आणि तिच्याखाली कोणते सूर उभे राहतील ते ही माणसं ठरवायची. पडद्यावर यांचं नाव आलंच तर 'सहायक' म्हणून यायचं. पण तुमच्या आजीला पाठ असलेल्या कित्येक हिंदी गाण्यांच्या पोटात यांचे कॉर्ड्स आहेत. आजीला ते परके वाटले नाहीत. कारण ते चाल ऐकून लिहिलेले होते.

२०१६ साली 'सैराट' आला. अजय-अतुल यांनी त्याचा सिंफनी वाद्यमेळ लॉस एंजेलिसला जाऊन रेकॉर्ड केला. ती गाणी आपल्याकडं वरातीत वाजली, ट्रॅक्टरवर वाजली, गणपतीत वाजली. ही मराठी नाहीत असं कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

तेव्हा कॉर्ड परका की आपला हा वाद मला फिजूल वाटतो. चाल ऐकून लावला तर आपला, न ऐकता लावला तर परका. मग तो लावणारा आजऱ्याचा असो नाहीतर अमेरिकेचा.

मग करायचं काय?

तक्रार करून उठणं सोपं आहे. म्हणून मी त्या रात्रीनंतर जे शिकलो ते सांगतो. याला ॲप लागत नाही. शेजारच्या देवळातली पेटी पुरते.

पहिली गोष्ट, सा विचारा. गाणाऱ्याला सरळ विचारा, "पट्टी कोणती?" तो 'काळी एक', 'पांढरी चार' असं काही सांगेल. हे गिटारवाल्यांनी पाठच करावं. पांढरी एक म्हणजे सी, दोन म्हणजे डी, तीन म्हणजे ई, चार म्हणजे एफ, पाच म्हणजे जी, सहा म्हणजे ए. काळी एक म्हणजे सी शार्प. गाणारा नसेल आणि चाल तुमचीच असेल, तर ती गुणगुणा आणि ज्या सुरावर गाणं कायमचं थांबू शकेल तो शोधा. तोच सा. हे बोटांचं काम नाही, गळ्याचं आहे.

दुसरी गोष्ट, गाण्यात कोणते सूर आहेत आणि कोणते नाहीत ते बघा. नाहीत ते जास्त महत्त्वाचे. भूप घ्या: सा, रे, ग, प, ध. म नाही, नि नाही. आता पांढरी एकच्या भुपाखाली ते चार कॉर्ड्स वाजवून बघा. एफमध्ये म आहे. जीमध्ये नि आहे. म्हणजे चारातले दोन कॉर्ड्स असे सूर आणतात की जे चालीनं मुद्दाम बाहेर ठेवलेत. पूर्ण बसणारे दोनच, सी आणि ए मायनर. बाकीच्या जागी काय करायचं? भुपाचेच सूर घेऊन नवे कॉर्ड्स बांधा. रे-प-ध घ्या, त्याला गिटारवाले डी सस फोर म्हणतात. सा-रे-प घ्या, तो सी सस टू. हे कॉर्ड्स धड हसरेही नाहीत आणि रडकेही नाहीत. पहाटेच्या धुक्यात हिरण्यकेशीच्या काठचं झाड दिसतं तसे, अर्धे उघडे. भुपाला ते शोभतात.

यमन घ्या. त्यात तीव्र म आहे. पांढरी एकच्या सा वर तो येतो काळी तीनला. एफ वाजवलात की शुद्ध म घुसला आणि यमन मेला. त्याऐवजी रे, तीव्र म, ध घ्या. तो झाला डी मेजर. सी आणि डी, एवढे दोनच आलटून पालटून वाजवा, वर ग आणि तीव्र म गुणगुणा. संध्याकाळ होते. ॲपला हे ऐकवलंत तर ते पुष्कळदा 'की जी मेजर' असं सांगेल, कारण सूर तेच आहेत. पुन्हा तीच चूक, पुन्हा दुसऱ्याचं घर.

तिसरी गोष्ट, प्रत्येक सुराला निवड असते. चाल समेला ग वर थांबली असं धरा. ग तीन कॉर्ड्समध्ये सापडतो: सा-ग-प, ध-सा-ग, ग-प-नि. तिन्ही वाजवून बघा, वर तोच ग धरून. पहिल्यात तो घरी बसलेला असतो. दुसऱ्यात त्याच्या मनात काहीतरी सलत असतं. तिसऱ्यात तो कुठंतरी निघालेला असतो. यातला कोणता, हे शब्द सांगतील. प्रोग्रेशन 'तयार करणं' म्हणतात ते एवढंच. एका सुराखाली तीन दारं असतात, तुम्ही त्यातलं एक उघडता. का उघडलं ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे. 'व्हिडिओत तसं होतं' हे उत्तर चालत नाही.

चौथी गोष्ट, बदल कुठं करायचा ते तालाला विचारा. भजनी ठेका आठ मात्रांचा. पहिल्या आणि पाचव्या मात्रेला बदललं की गाणाऱ्याला आधार मिळतो. प्रत्येक मात्रेला बदलत राहिलात तर तो आधार नाही, धक्काबुक्की आहे.

आता माझ्या भैरवीकडं येतो. सा पांढरी तीनला, म्हणजे ई. गिटार नेहमीसारखी लावलेली असेल तर सगळ्यात बारीक दोन तारा मोकळ्या कोणत्या वाजतात? बी आणि ई. म्हणजे प आणि सा. तंबोरा गिटारीतच बसलेला आहे, त्याला फक्त हात लावायचा नाही. त्या दोन तारा वाजत ठेवा आणि खाली बदल करा: ए मायनर, जी, एफ, ई मायनर, चार-चार मात्रा. नावं विसरा आणि बुड कुठं जातं ते ऐका: म, कोमल ग, कोमल रे, सा. ज्यानं एकदा तरी भैरवी ऐकली आहे त्याला ही उतरंड ओळखीची आहे. स्पेनमधल्या फ्लामेन्कोतही हीच उतरंड चालते, फक्त शेवटी ते बहुधा ई मेजरवर येतात. आणि इथं पचा कॉर्ड घराकडं ओढत नाही, कारण भैरवीत शुद्ध नि नाही. ओढतो तो कोमल रे, वरून, अर्ध्या सुरानं. पुस्तकातला 'पाचवरून एकवर' हा नियम इथं लावलात तर भैरवी तुटते. म्हणजे एफ, जी, ए मायनर हे माझे जुनेच कॉर्ड्स होते. बदलला होता तो सा, आणि त्याच्यासोबत प्रत्येक कॉर्डचा अर्थ.

कुठं गप्प बसायचं

पहारेकऱ्यांचं एक म्हणणं मी मान्य करतो. गिटारीचे फ्रेट ठोकलेले आहेत. भैरवातला आंदोलित कोमल रे त्यांच्यात मावत नाही, दरबारीतला ग तर नाहीच नाही. बुवा ओवीसारखं मोकळं काही म्हणत असतील, आलापी करत असतील, तर तिथं कॉर्ड बदलणं म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं. तिथं फक्त सा-प धरायचा, नाहीतर हात खाली ठेवायचा. कुठं वाजवायचं नाही हे न शिकवणारा क्लास मला अर्धवट वाटतो, मग त्याची फी कितीही असो.

पण हे मान्य केलं म्हणून गिटार देवळाबाहेर ठेवावी असं मला वाटत नाही. माझी खरी काळजी वेगळी आहे. आमच्या तालुक्यात भजनं म्हणणारी पिढी सत्तरीत आहे. पोरं पुण्या-मुंबईला आहेत, आणि जी इथं आहेत त्यांच्या हातात गिटार आहे, पेटी नाही. त्या पोरांना कुणी सांगितलंच नाही की सा शोधायची जी कला बुवांकडं आहे, तीच गिटारीचीही पहिली पायरी आहे. बुवांना कुणी सांगितलं नाही की पोरगं वाजवतंय ते त्यांच्याच सुरांचं बनलेलं आहे. दोघांच्या मध्ये एक ॲप बसलंय, आणि त्याला घर माहीत नाही. असंच चाललं तर दहा वर्षांनी चाली उरतील त्या रेकॉर्डिंगमध्ये, आणि आम्ही त्यांच्याखाली तेच चार कॉर्ड्स वाजवत बसू. नवी चाल मग कुणाला सुचणार? सुचायला आधी सा सापडावा लागतो.

गेल्या कार्तिकात मी पुन्हा गेलो. या वेळी आठ दिवस आधी, गिटार न घेता, बुवांच्या पडवीत बसून भैरवी म्हणायला. माझा गळा बरा नाही. बुवांनी तीन संध्याकाळी चालवून घेतलं, चौथ्या दिवशी म्हणाले, "आता आण तुझं लाकूड."

सप्ताहाच्या शेवटच्या रात्री मी सगळी भैरवी मिळून चारच कॉर्ड्स वाजवले, आणि मोजून पाहिलं तर त्यातले तीन आदल्या वर्षीचेच होते. आलापाच्या जागी दोन मोकळ्या तारा. बुवांचा आवाज कुठं डगमगला नाही. मागचे लोक गात राहिले. काल्याचा प्रसाद घेताना मी विचारलं, "बुवा, कसं झालं?"

"वाजवत हुतास व्हय?" बुवा म्हणाले. "मला काय ऐकू आलं न्हाई. गाणं मात्र बसलं."